स्पाउस व्हिसा : प्रॉपर्टी इन्स्पेक्शन रिपोर्ट नक्की कुठल्या घराचा?

विजापूर_रोडकर (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी. गड्ड्याची यात्रा उरकली आणि लेकीचं लग्न झालं. जावई मूळचे इथलेच, सोलापूरच्या बुधवार पेठेतले, पण बरीच वर्षं इंग्लंडात, बर्मिंगहॅमच्या बाजूला असतात. त्यांना तिथे कायम राहण्याची परवानगी, म्हणजे आयएलआर, मिळालेली आहे. सध्या ते थोरल्या भावाच्या घरात राहतात आणि लेकही तिथेच जाणार. आता स्पाउस व्हिसाचा अर्ज भरायचा आहे.

इथल्या एका एजंटाने कागदांची यादी दिली. त्यात एक ओळ आहे, 'प्रॉपर्टी इन्स्पेक्शन रिपोर्ट'. तो म्हणतो, "काका, तुमच्याच घराचा करून घेऊ. आमचा माणूस येईल, टेप लावेल, फोटो काढेल, सही-शिक्का देईल." फी ऐकून आमची ही म्हणाली, एवढ्यात घराला रंग होतो. जावयांना फोन केला तर ते म्हणतात, रिपोर्ट इकडच्या घराचा लागतो, तिकडच्या नाही. विजापूर रोडवरच्या माझ्या रो-हाउसशी इंग्लंडच्या सरकारचं काय काम, ते मलाही कळेना.

तर खरं काय ते सांगा की ओ. रिपोर्ट सक्तीचा आहे का? कोण देतं? घर किती मोठं लागतं?

हुतात्मा_एक्सप्रेस

आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी. जावई बरोबर आहेत. पैसे दिले नसतील तर देऊ नका.

सिव्हिलवाला

काका, मी सोलापुरातच व्हॅल्युएशनची कामं करतो (तुमच्या एजंटाचा माणूस मी नव्हे, आधीच सांगतो), म्हणून इकडच्या बाजूचं लिहितो.

आमच्याकडे व्हिसाच्या नावाने जो कागद बनतो तो व्हॅल्युएशन रिपोर्ट. घराची आजच्या बाजारभावाने किंमत किती, एवढाच त्याचा विषय. खरेदीखत, सिटी सर्व्हेचा उतारा, महापालिकेची टॅक्स पावती, मंजूर नकाशा बघायचा, जागेवर मोजमाप घ्यायचं, रेडी रेकनरचा दर आणि आसपासचे व्यवहार ताडून आकडा काढायचा. मग सीए तो आकडा नेटवर्थ सर्टिफिकेटात घालतो. पोरं शिकायला बाहेर जातात तेव्हा किंवा एज्युकेशन लोनला हे लागतं. आई-वडील फिरायला जाताना 'आमचं घरदार इथे आहे, आम्ही परत येणार' हे दाखवायलाही काही जण जोडतात. गंमत अशी की संपत्ती कर २०१५ च्या बजेटात गेला, पण त्या १९५७ च्या कायद्यातल्या कलम ३४ एबीची (किंमत काढणाऱ्यांची) नोंदणी अजून लेटरहेडवर मिरवते.

यूकेच्या स्टुडंट व्हिसाला तर घराची किंमत पैसे म्हणून धरतच नाहीत, खात्यात २८ दिवस राहिलेली रक्कम धरतात. आणि स्पाउस व्हिसात मुलीच्या वडिलांचं घर ५० लाखांचं की ५ कोटींचं, याच्याशी त्यांना देणंघेणं नाही. आमच्या धंद्यातल्या माणसाने हे सांगणं म्हणजे पोटावर पाय, पण असो.

चादर_टॉवेल

सिव्हिलवाला, लै भारी. एवढं सरळ कुणी सांगत नाही बघा.

मिडलँड्स_मावशी

माहेर साखर पेठ, सासर पुणे, आता बरीच वर्षं इंग्लंडात. इथल्या एका कौन्सिलच्या, म्हणजे स्थानिक पालिकेच्या, हाउसिंग खात्यात काम करते. व्हिसाच्या खात्यात नाही, त्यामुळे घराबद्दल बोलते, वकिली करत नाही. इथे इमिग्रेशनचा सल्ला द्यायचा तर वकील (सॉलिसिटर वगैरे) तरी असावं लागतं, नाहीतर सरकारी नोंदणी लागते. ती नोंदणी करणाऱ्या संस्थेचं नाव जानेवारी २०२५ पासून इमिग्रेशन अॅडव्हाइस अथॉरिटी आहे, आधी ओआयएससी होतं. तिच्या साइटवर नाव शोधता येतं. सल्लागार तिथे सापडला नाही आणि तो वकीलही नसेल, तर पुढचं बोलणं थांबवा.

आता नियम. नवरा-बायकोच्या व्हिसाचे नियम इमिग्रेशन नियमांच्या 'अपेंडिक्स एफएम' या परिशिष्टात आहेत. त्यात राहण्याच्या जागेबद्दल सरळ मागणी आहे : कुटुंबाला पुरेशी जागा हवी, ती सरकारी मदतीवर अवलंबून नको, ती त्यांच्या मालकीची किंवा फक्त त्यांच्या वापराची हवी. घरात आधीपासून राहणारी माणसंही मोजायची. तुमची लेक गेल्यावर तिथे गर्दी होत असेल किंवा घर सार्वजनिक आरोग्याच्या नियमांत बसत नसेल, तर जागा पुरेशी नाही. 'फक्त त्यांच्या वापराची' म्हणजे अख्खं घर नव्हे. भावाच्या घरात एक झोपायची खोली या दोघांसाठीच राखलेली असली तरी चालतं, स्वयंपाकघर आणि न्हाणीघर सामाईक असलं तरी हरकत नाही.

इन्स्पेक्शन रिपोर्ट सक्तीचा आहे असं नियमात कुठेही नाही. भाडेकरार, घरमालकाचं पत्र, मालकीचं घर असेल तर लँड रजिस्ट्रीचा टायटल रजिस्टर (मालकीचा सरकारी उतारा) आणि मॉर्टगेजचं, म्हणजे गृहकर्जाचं, स्टेटमेंट, यावरही भागतं. तरी लोक रिपोर्ट का लावतात? कारण भाडेकरारात पत्ता आणि भाडं असतं, पण खोल्या किती, कुठली किती फुटांची, कोण कुठे झोपतं, हे नसतं. जोडपं एकटं दोन बेडरूमच्या फ्लॅटमध्ये राहणार असेल तर मी म्हणेन पैसे वाचवा. भावाचं बिऱ्हाड, पोरं, वर नवीन सून असं असेल तर रिपोर्ट घ्या. तुमच्या लेकीची केस दुसऱ्या प्रकारात येते.

गर्दी कशाला म्हणायचं ते हाउसिंग अॅक्ट १९८५ मध्ये आहे, कलम ३२४ ते ३२६. दोन कसोट्या आहेत. पहिली खोल्यांची : दहा वर्षं पूर्ण झालेल्या, नवरा-बायको नसलेल्या स्त्री-पुरुषांना एकाच खोलीत झोपावं लागू नये. दुसरी जागेची, आणि ती दोन तऱ्हांनी मोजतात. खोल्यांच्या संख्येवर : एका खोलीला दोन माणसं, दोन खोल्यांना तीन, तीन खोल्यांना पाच, चार खोल्यांना साडेसात, पाच किंवा जास्त असतील तर खोलीमागे दोन. आणि फुटांवर : ११० चौरस फूट किंवा जास्त असेल तर दोन माणसं, ९० ते ११० मध्ये दीड, ७० ते ९० मध्ये एक, ५० ते ७० मध्ये अर्धा माणूस. ५० च्या खाली खोली म्हणून धरतच नाहीत. दोन्हींतला जो आकडा लहान तो खरा. माणसं मोजताना एक वर्षाच्या आतलं बाळ शून्य, एक ते दहा वर्षांचं मूल अर्धं, त्यावरचे सगळे पूर्ण.

आणि 'खोली' म्हणजे फक्त बेडरूम नाही. त्या भागात लोक जिला बैठकीची किंवा झोपायची खोली म्हणून सर्रास वापरतात ती प्रत्येक खोली मोजली जाते. म्हणजे हॉल येतो. न्हाणीघर, संडास, जिन्याखालची जागा येत नाही. नुसतं स्वयंपाकाचं छोटं किचनही येत नाही.

काका, आता जावयांकडून घरातल्या खोल्या, त्यांची मापं आणि माणसांची वयं मागवा. घरबसल्या आकडा काढून देते.

शेंगाचटणी

अर्धा माणूस! आमच्या मिलच्या चाळीत एका खोलीत आजी, आजोबा, आई, अप्पा, दोन आत्या आणि आम्ही चार पोरं. या हिशोबाने आम्ही घरात नव्हतोच म्हणायचं.

मिडलँड्स_मावशी

शेंगाचटणी, हसू नका, हे माप त्याच काळातलं आहे. गर्दीचं हे कायदेशीर मोजमाप इथे पहिल्यांदा १९३५ च्या हाउसिंग अॅक्टमध्ये आलं. इंग्लंडातल्या गिरणी-गावांतही कामगारांच्या खोल्यांची अवस्था तुमच्या चाळीसारखीच होती. १९८५ च्या कायद्याने जवळपास तेच आकडे पुढे चालू ठेवले. म्हणून ते आजच्या मानाने ढिले आहेत. हॉलमध्ये माणसं झोपवलेली चालतात ती त्यामुळेच. इथल्या संस्था हे माप जुनं झालं म्हणून ओरडत असतात, पण व्हिसाच्या अर्जदाराला हा ढिलेपणा फायद्याचाच.

हॉटगी_रोड_आयटी

माझाही प्रश्न याच धाग्यात विचारतो. मला यूकेत स्किल्ड वर्कर व्हिसा मिळालाय, बायको डिपेंडंट म्हणून येणार. आमच्या एजंटाने पण यादीत इन्स्पेक्शन रिपोर्ट टाकलाय. लागतो का?

मिडलँड्स_मावशी

नाही. स्किल्ड वर्करच्या डिपेंडंटला राहण्याच्या जागेची अटच नाही. पैशांची आहे : जोडीदारासाठी २८५ पौंड २८ दिवस खात्यात, किंवा तुमच्या कंपनीने स्पॉन्सरशिपच्या सर्टिफिकेटवर तो खर्च उचलू असं कळवलेलं. लग्नाचे पुरावे, टीबीचं सर्टिफिकेट वगैरे आहेच. जागेचा रिपोर्ट लावून काही बिघडत नाही, पण पैसे मात्र जातात.

एक मात्र बघा, तुमचं पद कुठल्या दर्जाचं आहे. केअर वर्कर म्हणून येणाऱ्यांना ११ मार्च २०२४ पासून कुटुंब आणता येत नाही, आणि २२ जुलै २०२५ पासून पदवीच्या दर्जाखालच्या बहुतेक नव्या नोकऱ्यांनाही तोच नियम लागला. आयटीवाल्यांना सहसा अडचण नाही.

हॉटगी_रोड_आयटी

सॉफ्टवेअर इंजिनिअरच आहे. धन्यवाद मावशी. एजंटाला आता फोन लावतो.

फाइल_पक्की

मी व्हिसाचंच काम करतो, नाव-गाव सांगत नाही. धागा वाचून असं वाटतं की एजंट म्हणजे सगळे लुटारू. फाइल रिजेक्ट झाली की शिव्या आम्हालाच. एक कागद जास्त लावला तर फाइल मजबूत होते, कमी लावला तर ऑफिसर विचारायलाही थांबत नाही. गिऱ्हाइकालाच 'सगळं लावा' असं हवं असतं.

सिव्हिलवाला

फाइल_पक्की, कागद जास्त लावण्याला कुणाचा विरोध नाही. सोलापुरातल्या घराला टेप लावून त्याला इंग्लंडच्या घराचा रिपोर्ट म्हणण्याला आहे.

फाइल_पक्की

तो प्रकार चुकीचाच. पण काही ठिकाणी 'रिपोर्ट तिकडून पीडीएफ मागवून देतो, कुणी घरी यायची गरज नाही' असं सांगतात. तेही सोपं पडतं लोकांना.

मिडलँड्स_मावशी

हेच लिहायचं राहिलं होतं, बरं झालं विषय काढलात.

घरात पाऊल न टाकता बनवलेला रिपोर्ट लावू नका. त्यात 'मी अमुक दिवशी घर पाहिलं' असं लिहिलेलं असतं आणि ते खोटं निघालं, तर प्रश्न जागेचा उरत नाही, खोटेपणाचा होतो. अर्जात फसवणूक केली असं ठरलं तर पुढचे दहा वर्षांपर्यंतचे अर्ज त्या कारणाने नाकारले जाऊ शकतात. दोन बोळकंडीवजा खोल्यांच्या हिशोबासाठी नव्या संसाराची दहा वर्षं कोण घालवेल?

रिपोर्ट देतं कोण? काही कौन्सिलांचं पर्यावरण-आरोग्य किंवा हाउसिंग खातं फी घेऊन देतं. सगळ्याच कौन्सिला देत नाहीत, काहींनी ही सेवा बंद केली. बाकी खासगी सर्व्हेअर. सर्व्हेअर आरआयसीएसचा (सर्व्हेअरांची इथली व्यावसायिक संस्था) सदस्य आहे का, किंवा पर्यावरण-आरोग्याची पात्रता आहे का, ते विचारा. या कामासाठी 'होम ऑफिस (व्हिसा देणारं सरकारी खातं) अप्रूव्हड' असा वेगळा परवाना नसतो. जाहिरातीत तसं लिहिलं असेल तर ती कंपनी सोडा.

चांगल्या रिपोर्टात घराचा पत्ता आणि प्रकार, मजले, प्रत्येक खोलीचं माप आणि वापर, तिथे सध्या कोण राहतं त्यांची नावं-जन्मतारखा, येणाऱ्या माणसाचं नाव, संडास-न्हाणीघर-स्वयंपाकाची सोय, हीटिंग, धुराचे अलार्म, फोटो, आणि शेवटी 'ही व्यक्ती आल्यावर हाउसिंग अॅक्ट १९८५ नुसार घरात गर्दी होणार नाही' असं स्पष्ट वाक्य असतं. खाली सही, पात्रता, तपासणीची तारीख. शेवटचं वाक्य नसेल तर रिपोर्ट परत पाठवा.

घराची अवस्था ते हाउसिंग अॅक्ट २००४ मधल्या पद्धतीने बघतात. त्यात २९ प्रकारचे धोके आहेत : ओल आणि बुरशी, थंडी, आग, जिन्यावरून पडणं, वीज, असे. इथे सगळ्यात जास्त काय सापडतं सांगू? न्हाणीघराच्या कोपऱ्यात काळी बुरशी आणि बॅटरी काढून ठेवलेला धुराचा अलार्म. आपल्याकडे फोडणी दिली की तो वाजतो ना, म्हणून. सर्व्हेअर यायच्या आधी बॅटरी घाला.

चादर_टॉवेल

बॅटरी काढून ठेवलेला अलार्म!! माझ्या भावाच्या घरी तर टॉवेल बांधलाय. सोलापुरीच.

भाऊ_बॉन

जर्मनीतून. इथेही कुटुंब आणताना 'पुरेशी जागा' ही अट आहे. सर्वसाधारण हिशोब सहा वर्षांवरच्या माणसाला १२ चौरस मीटर, त्याखालच्या मुलाला १०. मात्र मार्च २०२४ पासून कुशल कामगारांच्या जोडीदार-मुलांसाठी जागेचा पुरावा मागत नाहीत. म्हणजे देश बदलला, व्हिसाचा प्रकार बदलला की कागद बदलतात. एकाची यादी दुसऱ्याला चालत नाही.

विजापूर_रोडकर

मावशी, माहिती मिळाली. घर भावाच्या मालकीचं, मॉर्टगेज चालू. खाली पुढची खोली, जावई म्हणतात १४० फुटांची. तीच या दोघांना देणार आहेत. वर एक बेडरूम १२० ची, त्यात थोरले दीर, जाऊबाई आणि आठ महिन्यांचं बाळ. वर अजून एक छोटी खोली, तिला ते बॉक्स रूम म्हणतात, ६० ची. तिच्यात त्यांचा सहा वर्षांचा मुलगा झोपतो. किचन वेगळं.

मिडलँड्स_मावशी

माणसं : दीर-जाऊ दोन, मुलगा अर्धा, बाळ शून्य, नवं जोडपं दोन. एकूण साडेचार.

खोल्या तीन, म्हणजे पाच. फुटांवर : १४० ला दोन, १२० ला दोन, ६० ला अर्धा. साडेचार. लहान आकडा साडेचार.

साडेचारात साडेचार. आज बसतं. पण चार महिन्यांनी बाळ एक वर्षाचं झालं की ते शून्याचं अर्धं होतं, माणसं पाच होतात आणि घर अर्ध्या माणसाने कमी पडतं. इंग्लंडाबाहेरून केलेल्या अर्जाला साधारण बारा आठवडे लागतात असं सांगितलं जातं. म्हणजे बाळाचा पहिला वाढदिवस आणि निर्णय एकमेकांच्या अगदी जवळ येणार. इतकं काठावर नेऊ नका. आणि व्हिसा मिळाला तरी तो ३३ महिन्यांचा असतो, वाढवताना जागेचा प्रश्न पुन्हा येतो.

हुतात्मा_एक्सप्रेस

बाळाच्या वाढदिवसामुळे व्हिसा अडतो हे पहिल्यांदा ऐकलं.

शेंगाचटणी

बॉक्स रूम दहा फुटांनी वाढवता येत नाही का? भिंत सरकवून? सिव्हिलवाले, बोला.

सिव्हिलवाला

६० ची ७० झाली तर अर्ध्याचा एक होतो, गणित बरोबर आहे. पण दुसऱ्याच्या मॉर्टगेजवाल्या घराची भिंत व्हिसासाठी कोण सरकवणार? आधी माप पुन्हा घ्या. इस्टेट एजंटच्या नकाशावरचं माप घेतलं असेल तर ते कपाट वगळून असू शकतं किंवा उलट. टेप लावा.

काका, एक विचारू का? तिकडच्या जुन्या ओळीतल्या घरांत खाली पुढे एक आणि मागे एक अशा दोन खोल्या असतात, मग किचन. तुम्ही मागची सांगितलीच नाहीत.

विजापूर_रोडकर

थांबा, विचारतो.

विजापूर_रोडकर

आहे की ओ! मागे एक खोली आहे, तिथे भावाचं ऑफिसचं टेबल, देवघर आणि कपडे वाळवायचा स्टँड आहे. जावई म्हणतात, ती डायनिंग रूम, बेडरूम नाही म्हणून लिहिली नाही. ९५ फुटांची आहे, खिडकी मागच्या अंगणात उघडते.

हुतात्मा_एक्सप्रेस

काखेत कळसा!

मिडलँड्स_मावशी

सिव्हिलवाला, नोकरी हवी असेल तर कळवा, आमच्याकडे जागा आहे.

काका, ती मोजली जाते. अशा घरांत मागची खोली बैठकीची म्हणून सर्रास वापरतात, त्यामुळे तिथे सध्या टेबल आहे की कपडे वाळतात याला महत्त्व नाही. फक्त सर्व्हेअरला ती उघडून दाखवा, कपाटांनी दार अडवलेलं नको.

नवा हिशोब : खोल्या चार, म्हणजे साडेसात. फुटांवर दोन, दोन, दीड आणि अर्धा, मिळून सहा. लहान आकडा सहा. बाळ एक वर्षाचं झाल्यावरही माणसं पाच. एक माणूस शिल्लक. आता बाळाच्या वाढदिवसाला केक कापा.

साखरपेठ_अक्का

मावशी, माझ्या पुतण्याचं असंच आहे पण पोरं मोठी. १२ वर्षांचा मुलगा आणि १० वर्षांची मुलगी एकाच खोलीत झोपतात, कारण मुलीला एकटी झोपायची भीती वाटते. आता पुतण्याच्या धाकट्या भावाची बायको यायची आहे. या पोरांमुळे अडेल का?

मिडलँड्स_मावशी

अक्का, कायदा ते आज कसे झोपतात हे बघत नाही, घरातल्या खोल्यांत त्यांना नियमाने कसं झोपवता येईल हे बघतो. मुलगी आईबरोबर एका खोलीत आणि मुलगा बापाबरोबर दुसऱ्या, अशी मांडणी कागदावर जमत असेल तरी पहिली कसोटी पास होते. हॉलही खोली म्हणून धरा. फक्त नव्या जोडप्याची खोली बाजूला ठेवून हे जमलं पाहिजे, आणि दोघंही मुलं पूर्ण माणूस म्हणून मोजा, दहा पूर्ण झाली ना. खोल्यांची मापं टाका, बघते.

घर ग्लासगो-एडिंबराकडे आहे का? स्कॉटलंडचा कायदा वेगळा, १९८७ चा. सर्व्हेअरने रिपोर्टात तिथलाच कायदा लिहायला हवा. इंग्लंडचा साचा उचलून स्कॉटलंडचं घर लिहिलेलं मी पाहिलंय.

साखरपेठ_अक्का

नाही, लेस्टरला आहे. मापं उद्या मागवते. एक अजून. पुतण्याच्या आई-बाबांना पण सहा महिने बोलवायचंय. त्यांना रिपोर्ट?

मिडलँड्स_मावशी

व्हिजिटर व्हिसाला नको. राहणार कुठे त्याचं आमंत्रणपत्र पुरतं. त्यांनी खर्च कसा भागणार आणि परत का येणार, हे नीट दाखवावं.

कायमचं बोलवायचं असेल तर तो प्रकारच वेगळा. जुलै २०१२ पासून आई-वडिलांचा तो मार्ग फार अरुंद झाला. आजारपणामुळे किंवा वयामुळे रोजची कामं स्वतः करता येत नाहीत आणि लागणारी देखभाल भारतात मिळतच नाही किंवा परवडतच नाही, हे सिद्ध करावं लागतं. सोलापुरात बाई ठेवता येते, दवाखाने आहेत, म्हणून बहुतेकांचे अर्ज तिथेच अडतात. घर केवढंही मोठं असलं तरी तिथे उपयोग नाही.

गोल्डफिंच_पेठकर

उत्पन्नाचं कुणी बोललंच नाही. इंग्लंडातल्या जोडीदाराला वर्षाला २९,००० पौंडांची अट आहे ना आता?

फाइल_पक्की

हो, ११ एप्रिल २०२४ पासून. आधी १८,६०० होती. नुसत्या बचतीवर दाखवायचं तर ८८,५०० पौंड लागतात. हेल्थ सरचार्ज (तिथल्या सरकारी आरोग्यसेवेसाठीचा आकार) वर्षाला १,०३५, म्हणजे ३३ महिन्यांच्या व्हिसाला ३,१०५ पौंड एकदम भरायचे, व्हिसाची फी वेगळी. अर्ज नाकारला तर सरचार्ज परत येतो, फी येत नाही. (बघा, एजंटही फुकट सांगतात कधी कधी.)

शेंगाचटणी

फाइल_पक्की यांना एक प्लेट कडक भाकरी आणि शेंगा चटणी माझ्याकडून.

विजापूर_रोडकर

मंडळी, पुढचं कळवतो. तिकडच्या कौन्सिलने 'आम्ही हे आता करत नाही' म्हणून सांगितलं, म्हणून आरआयसीएसवाला सर्व्हेअर बोलावला. न्हाणीघराच्या छताला बुरशी निघाली, जिन्याचा कठडा हलत होता. थोरल्या दिरांनी दोन्ही दुरुस्त करून नवे फोटो पाठवले, मग त्याने रिपोर्ट दिला. बॉक्स रूम टेपने ६३ भरली, अर्ध्याची अर्धीच राहिली. मागची खोली त्याने बैठकीची म्हणून धरली. खाली लिहिलंय, 'सहा व्यक्तींपर्यंत परवानगीयोग्य'. मावशींचा आकडा तंतोतंत.

सोबत दिरांचं पत्र आहे : ही खोली या दोघांचीच, भाडं घेणार नाही, किचन-बाथरूम सामाईक. आणि मॉर्टगेजचं स्टेटमेंट. लँड रजिस्ट्रीचा कागद काढायचा राहिलाय, त्याला एक साइट ३० पौंड मागते.

इथल्या एजंटाला नको म्हणून कळवलं. तो म्हणाला, "मग तुमच्या घराचं व्हॅल्युएशन तरी करून ठेवा, कधीतरी लागेलच."

सिव्हिलवाला

कधीतरी लागलं तर मला सांगा, रंगाच्या खर्चात करून देतो.

मिडलँड्स_मावशी

काका, ३० पौंड देऊ नका, ती मधली साइट आहे. सरकारी साइटवरून टायटल रजिस्टर सात पौंडांत मिळतो, डिसेंबर २०२४ पर्यंत तर तीनच होते. पत्ता टाकायचा, कार्डाने भरायचे, पीडीएफ लगेच येते. त्यावरचं दिरांचं नाव आणि पत्रावरचं नाव एकच स्पेलिंगचं आहे का बघा. आपल्याकडे मधलं नाव कधी असतं, कधी नसतं, तिथे गोंधळ होतो. वेगळं असेल तर पासपोर्टची प्रत जोडा.

विजापूर_रोडकर

पत्रावर वडिलांचं नाव नाही, रजिस्टरवर असेल बहुतेक. पासपोर्ट मागवतो. पुण्याला व्हीएफएसची (व्हिसा अर्ज केंद्राची) अपॉइंटमेंट घ्यायची आहे, लेकीची टीबीची तपासणी आधीच झालीय.

फाइल_पक्की

टीबीचं सर्टिफिकेट सहा महिनेच चालतं. तपासणी लग्नाआधी केली असेल तर तारीख आजच बघा, अर्ज त्याच्या आत जायला हवा.